निम्म्या वाटेत संपणारी बॅटरी

सायकलला मोटर बसवायची म्हणताय, तर आमच्या अण्णांचं ऐका.

त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी त्यांच्या जुन्या सायकलला मोटर बसवून दिली. पण अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यातून येताना बॅटरी रोज निम्म्या वाटेत संपायची. मी दुकानदाराशी भांडूनही आलो.

एकदा अण्णा रस्त्यात दिसले. शेजारच्या मागावरचे मल्लूकाका अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, पायडल न मारता, आपली साधी सायकल चालवत होते.

घरी मी म्हणालो, "अण्णा, मोटर एकापुरतीच आहे."

"जन्मभर संगं आलो. आता मी एकटाच पुढं निघू व्हय?"

दिवाळीआधी मल्लूकाका वारले.

परवा मी सहज म्हणालो, "अण्णा, हल्ली बॅटरी घरापर्यंत पुरते."

अण्णांनी सायकल भिंतीला टेकवली.

"पुरंल की. खांद्यावर हात न्हाय आता."