फ्रान्सची बरणी

लंडनच्या बसमध्ये मागच्या सीटवरून अस्सल मुंबईची मराठी ऐकू आली, तशी श्यामलाने हळूच मान वळवली. एक म्हातारं जोडपं होतं, आणि आजींच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली हातभर उंच तपकिरी बरणी.

“अहो, वाजवून बघा, कशी खणखणीत आहे! फ्रान्सच्या खेड्यातल्या कुंभाराने शंभर वर्षांपूर्वी लाकडाच्या भट्टीत भाजलेली. यंदाचं कैरीचं लोणचं हिच्यातच घालणार.”

“तिथले लोक हिच्यात काय घालायचे, ते विचारलंस का, एलिशेबा?”

“लोणी घालत असतील.”

“मी विचारलं. डुक्कर खारवून ठेवायचे. वर्षभराचं.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

“तोवर तू शालीत गुंडाळून मोकळी झाली होतीस.”

“उकळत्या पाण्याने धुतली तर?”

“मातीच्या भांड्याला एकदा डुक्कर लागलं की ते धुऊनही कोशर होत नाही, आपल्या ज्यूंचा नियम ठाऊक आहे तुला. छत्र्या ठेव तिच्यात.”

“छत्र्या कसल्या! हे बघा, बरणीच्या कानाखाली खळगा आहे. कुंभाराने ओल्या मातीत अंगठा दाबलाय. माझा बरोबर बसतो. बाई असेल का हो?”

“शंभर वर्षांपूर्वी?”

“का? तेव्हा बायका भांडी नुसती घासतच होत्या?”

श्यामलाला हसू फुटलं.

“अगंबाई, तुला कळतंय वाटतं! तुमच्यात चालतं का गं डुक्कर?”

“नाही आजी. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही.”

“झालं! म्हणजे तूही हिला हात लावायची नाहीस.”

श्यामलाने सीटवरून हात मागे नेला आणि त्या खळग्यात अंगठा ठेवला.

“आजी, माझाही बसतो.”