दोन हजार दोनशे ऐंशी पावलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, टॉवरच्या प्रमुख मॅडम. व्यासपीठावर बसलेले विमानतळाचे मुख्य अधिकारी साहेब. अग्निशमन शेडमधली दादा मंडळी. सामान चढवणारे, उतरवणारे, झाडणारे, पुसणारे सगळे. पहिल्या रांगेतली माझी काकू. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते धावपट्टीच्या दिव्यांचे इलेक्ट्रिशियन, माझे काका. सर्वांना नमस्कार.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. भाषण लिहून आणलंय, कारण न लिहिता बोललो तर कुठे जाऊन पोचेन याचा भरवसा नाही. लांब परमुलखात एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्याआधी दहा नोकऱ्या झाल्या. काका म्हणतात, "तुझ्या बुडाखाली इंजिन बसवलंय, ब्रेक बसवायचा राहिला." असा माणूस पावणेदोन वर्षं एका कामाला चिकटून राहिला, आणि आज त्याच कामाबद्दल बोलायला मला इथे उभं केलंय.

काम काय? कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो, फ्लाइट सिम्युलेटर. त्यात जगातले मोठमोठे विमानतळ हुबेहूब असतात. आपला विमानतळ कसा होता, माहीत आहे? हिरव्या गवतात एक करडी रेघ आणि शेजारी बुटाच्या खोक्यासारखी इमारत. टॉवर नाही, पाण्याची टाकी नाही, दिवे नाहीत. ज्या दिव्यांवर आमचं घर चाललं, ज्यांनी मला वाढवलं, ते नाहीतच! माझं डोकं फिरलं. असे राहिलेले विमानतळ लोक स्वतः बनवतात आणि त्या खेळाला जोडतात. म्हटलं, आपला आपण बनवायचा.

फोटो काकांनी पाठवले. मापं मात्र फोनवर, पावलांत. आमच्या घरी सगळं काकांच्या पावलांनी मोजतात. कपाट मावेल का, पडदा किती लागेल, काका चालून सांगतात. एक पाऊल म्हणजे अडीच फूट. यात कधी फरक पडला नाही.

धावपट्टी कागदोपत्री पाच हजार फूट. म्हणजे दोन हजार पावलं. काकांनी सांगितली दोन हजार दोनशे ऐंशी.

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी कागद खोटा ठरवला. काकांचं पाऊल चुकेल कसं? सगळा विमानतळ त्या हिशोबाने बांधला आणि लोकांना उतरायला मोकळा केला.

आठवड्यात एका वैमानिकाचा निरोप आला. हे गृहस्थ आपल्याकडे खरोखर उतरलेले. लिहितात, "विमानतळ माझ्या ओळखीचा आहे, पण एवढा लांब कधी झाला? खऱ्या धावपट्टीवर टाकी दिसली की मी ब्रेक दाबून धरतो. इथे चहा पीत थांबलो."

मी काकांना फोन लावला. काका भडकले. "त्याला सांग, हवेतून मोजू नकोस, खाली उतरून चाल."

मी म्हटलं, "काका, एक करा. घराच्या दारापासून जिन्यापर्यंत चाला. मोठ्याने मोजा."

तिथे दहा पावलं. मी लहानपणापासून ऐकलेली. फोनवर चपलांचा आवाज येत होता. आठ, नऊ, दहा. आवाज थांबला नाही. अकरा. मग अर्धं पाऊल.

"गुडघा आहे रे," काका म्हणाले. "कुणाला बोलू नकोस. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. कळलं तर खुर्चीवर बसवतील. मला धावपट्टीवरून घरी जायचंय, टेबलामागून नाही."

साहेब, आज पाच वाजता त्यांची सेवा संपली. आता आपल्याला काही करता येणार नाही, म्हणून सांगतोय.

मी अट घातली, डॉक्टरला दाखवायचं. दाखवलं. डॉक्टर म्हणाले, चाला, पण आधार घेऊन. आता काठी घेऊन धावपट्टीवर कोण जाऊ देईल? तेव्हा मी त्यांना एक वस्तू पाठवली. रस्ता मोजायचं चाक. छातीपर्यंत भक्कम दांडा, खाली चाक, ढकलत चालायचं. काठी म्हणून कुणाला संशय यायचा नाही, आणि मापंही बरोबर मिळतील.

दादा मंडळी हसताहेत, कारण ते चाक त्यांनी रोज पाहिलंय. "पुतण्याने म्हाताऱ्याला कामाला जुंपलं," हे यांचंच वाक्य. साहेबांनीही एकदा विचारलं होतं, "अहो, अजून किती मोजायचं राहिलंय?" काका म्हणाले, "पोरगा फार चिकट आहे, साहेब." शिव्या मी खाल्ल्या, पण चाक चालू राहिलं. मापं संपू द्यायची नव्हती ना! मग कुंपणाचा एकेक खांब मोजला, गटाराचं एकेक झाकण, शेडच्या पायऱ्या, सायकल लावायची जागा. तासभर लवकर यायचे काका, सावकाश चालायचे, आणि या चौदा महिन्यांत एकही विझलेला दिवा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मॅडम, टॉवरची नोंदवही आपल्याकडेच आहे.

आज जगभरातले लोक लिहितात, लहान विमानतळाचं इतकं नेमकं काम पाहिलं नाही. त्यांना काय माहीत, ते झाकण तिथे का आहे!

काकूला आम्ही सांगितलं होतं की डॉक्टरांनी दिलेला गुडघ्याचा पट्टा एका ड्रायव्हर मित्राचा आहे. काल हे भाषण तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ड्रायव्हरचा पट्टा वर्षभर आमच्या दोरीवर कसा वाळतो, एवढं कळतं मला. मी बोलले असते तर हे त्याच दिवशी घरी बसले असते. वाच खुशाल."

शेवटचं सांगतो. मागच्या आठवड्यात मी त्या विमानतळात एक माणूस घातला. डाव्या कडेला, दिव्यांच्या रांगेत, हातात चाक. विमान उतरताना तो थांबतो, बाजूला होतो, मग परत चालू लागतो. लगेच त्या वैमानिकाचा निरोप: "लांबी आता बरोबर आहे. पण धावपट्टीजवळ हा कोण? काढून टाका."

मी कळवलं, काढता येणार नाही. दिवे त्याच्याकडे आहेत.

अध्यक्ष मॅडम, आपण मला बोलू दिलंत, सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, नको ते तोंडून गेलं असेल, तर पोटात घाला. आणि माझ्या चुका मोजायच्याच असतील तर काकांच्या जुन्या पावलांनी मोजा. जरा कमी भरतील.