परतणारेच भिजतात

चौक नाक्यावर ऑक्टोबरच्या उन्हात उभ्या युनूस सरांच्या मागे, डोंगरावर निघालेले नरेश आणि त्याची धाकटी बहीण उज्वला बोलत होते. पोराचं चुकलेलं गणित ऐकावं, तसा सरांनी कान दिला.

“दादा, दुपारी वर विजा पडणार म्हणतात.”

“तो परतीचा पाऊस गं. जाताना नाय लागत, परतताना लागतो.”

“मग परतताना काय करायचं?”

“घराकडं पाठ करून उलट्या पावलांनी उतरायचं. पावसाला वाटंल, अजून चाललेच हायत.”

“शेवाळावरून उलटं?”

“हळू उतरायचं.”

“नको. मी इथूनच घरी जाते.”

“बघ हां, परतणारेच भिजतात.”

“भिजलेलं बरं, भाजलेलं नको.”

सरांनी भर उन्हात छत्री उघडली आणि उज्वलाला आत घेतलं.