नळ धरून उभे राहा, साहेब

इंजिनियर लोकांचं शहाणपण मला सांगू नका. आखातातल्या खफजीला मी आठ वर्षं वायरी ओढल्यात. तेव्हा तेलाचा पैसा नुसता वाहत होता आणि दर महिन्याला कामगारांची एक नवी बराक उभी राहायची. अशाच एका बराकीत पाण्याचा लोखंडी पाइप जिथून आत शिरतो, तिथे क्लॅम्प मारून मी अर्थिंगची वायर जोडली. तेवढ्यात आमचा पुण्याचा साहेब आला.

"मिस्त्री, ही वायर काढा. भिंतीवर घाण दिसते. पाइप जमिनीतूनच येतो, त्याला अर्थिंग आपोआप मिळतं."

"ते तुमच्या पुण्यात. इथली कोरडी वाळू कसलं अर्थिंग देणार? गीझर बिघडला तर नळ करंट मारेल. नमाजाआधी माणसं अनवाणी उभी राहून इथेच हातपाय धुतात. मरेल एखादा."

"डिग्री कोणाकडे आहे?"

"तुमच्याकडे. मी चौथी नापास. काढतो वायर. तुम्ही फक्त बूट-मोजे काढा, पाय ओले करा आणि नळ धरून उभे राहा. मी पाइपात करंट सोडतो."

साहेबाने नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राहू दे वायर," म्हणाला आणि निघाला. दारापर्यंत जाऊन परत आला. आवाज एकदम खाली.

"मिस्त्री, माझ्या क्वार्टरच्या पाइपाला वायर आहे ना हो?"

"नाही. मागच्या महिन्यात तुम्हीच काढायला लावलीत. आज आंघोळ झाली का, साहेब?"