दाऊदभाईंचा होला

सांगतो ते एकोणीसशे एकोणऐंशी सालचे. डिसेंबरचा पहिला शुक्रवार, बहरीनमध्ये थंडी नुकती पडू लागली होती. सित्रा बेटावरच्या कामगारांच्या कॅम्पात रत्नागिरीचे दाऊदभाई माझ्या खोलीत राहत. बकरी ईदेला त्यांनी मला पोटभर जेवू घातले होते. तेव्हा मी चारचौघांत बोललो होतो, "दाऊदभाई, मी तुम्हाला माझ्या हातची शिकार खायला घालीन."

मी जन्मात बंदूक धरली नव्हती. छऱ्याची बंदूक त्यांचीच, नेम धरायलाही त्यांनीच शिकवले. त्या शुक्रवारी खजुराच्या बागेत मी पहिला होला पाडला. छर्रा थेट डोक्यात. ऐटीत तो त्यांच्यापुढे धरला.

"मेला की रे हा!"

"मग? शिकार मरणारच."

"आमची सुरी फिरेपर्यंत जीव पाहिजे, गणपत. हा तूच खा."

दुसराही जागीच मेला. तोही मीच खाल्ला. खोलीतले हसू लागले, "गणपत ईदेचं जेवण फेडतोय, स्वतःच जेवून!"

मग मी डोके सोडले आणि पंखावर नेम धरू लागलो. पुष्कळ छर्रे वाया गेले. अखेर एका शुक्रवारी होला फडफडत खाली आला.

"दाऊदभाई, यल्ला, लवकर! सुरी!"

पन्नाशीचा माणूस लुंगी सावरत धावला. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी सुरी फिरवली आणि माझ्याकडे पाहिले.

"आता झालास शिकारी."

दुपारी मी कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून रस्सा केला. दाऊदभाईंनी हाडेसुद्धा चोखली. ईदेचे जेवण फिटले.