देवाले माह्या पोरीचा पत्ता ठाऊक आहे

मी मार्थाबाई. माहेर चांदूर रेल्वे, सासर अकोला. आमी पनजापासून ख्रिस्ती. पनजा दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढला, तिथंच शिवनकाम शिकला, अन् तेव्हापासून आमच्या घरात दोनच गोष्टी चालत आल्या, मशीन अन् प्रार्थना, दोन्हीचा आवाज मोठा. आमचे मालक रेल्वेत होते, ते वारले तेव्हा माही एकुलती एक पोट्टी इस्तू सातवीत होती. नवरीचे पांढरे गाऊन शिवून शिवून मी तिले शिकोलं. काय सांगू तुमाले, किती पोरी माह्या हातच्या गाऊनमंधी चर्चात चालत गेल्या.

आता देवाचा आवाज म्हनसान, तं त्याच्यात मी मोठी लबाड बाई. आमच्यात वचन काढतात, म्हनजे डोळे मिटायचे, बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, जे निघन ते देवाचं बोलनं समजायचं. मले एकदा मोटरवाली मशीन घ्याची होती. पहिल्यांदा बोट ठेवलं तं वंशावळ निघाली, अमक्याचा पोरगा तमका. दुसऱ्यांदा टोळधाड. तिसऱ्यांदा कुठंतरी आशीर्वाद दिसला, म्हनलं झालं, देव हो म्हनला, अन् मशीन आनली. दोनदा काय निघालं होतं ते कोनालेच सांगतलं नाही.

तं एक दिवस शमुवेलभाऊ घरी आले. हे आमच्या मंडळीचे, म्हनजे चर्चचे, सेक्रेटरी, जठारपेठेत दोन मजली घर, आवाज असा की देवालेही वाटावं यांचंच आयकावं. म्हनाले, बाई, देवानं मले प्रार्थनेत दाखवलं, तुमची इस्तू आमच्या डेव्हिडची. नोकरी-गिकरी कराचं काम नाही, ती घरी राहीन रानीसारखी. मले आभाळ ठेंगनं झालं. इस्तू तेव्हा अमरावतीले नर्सिंगच्या शेवटच्या वर्साले. तिले इचाराचं सोडून मी दुसऱ्याच दिवशी गाऊनसाठी पांढरं साटन घेऊन आली. अशी मी शहानी.

साटन पसरलं, कात्री घेतली, डोळे मिटले. कपडा कापायच्या आधी मी नेहमी प्रार्थना करते, कापलेलं पुन्हा जुळत नाही ना. तं मनात आलं, पोरीले इचारलं? मी म्हनलं, प्रभू, तिले काय इचारायचं, मी माय आहे ना. पुन्हा तेच, पोरीले इचारलं? मी म्हनलं, प्रभू, घर दोन मजली आहे. हसू नका, खरंच असं म्हनलं मी देवाले. पुन्हा तेच. तवा मले समजलं, हा आवाज माहा नाही, कारन माहा आवाज आजवर कधी माह्या मनाविरुद्ध बोलला नाही. कात्री ठेवली, इस्तूले फोन लावला अन् सगळं सांगून इचारलं.

इस्तू म्हने, आई, देव भाऊंशी बोलला, तुह्याशी बोलला, मंग मलेच कावून विसरला? मी तं रोज त्याले इचारून राहिली, अन् वरीसभरापासून एकच मनात येऊन राहिलं, मेळघाटातल्या दवाखान्यात जाय. तुले सांगाले भेत होती. बाप्पा! मेळघाट! मले वाटलं, नसतं इचारलं तं बरं झालं असतं. दोन दिवस जेवन गेलं नाही. पन इचार असं देवानं सांगतलं होतं, अन् इचारल्यावर आयकनं आलंच.

रविवारी प्रार्थनेची सभा माह्याच घरी. पाळकसाहेब, म्हनजे आमचे पाद्री, बाया, चहा, चिवडा. भाऊ उभे राहिले अन् म्हनाले, मंडळी, देवाच्या इच्छेनं एक सोयरीक ठरली. मी उठली. म्हनलं, भाऊ, ठरली नाही. इस्तू नाही म्हनते अन् मी तिच्या मांगं उभी आहे. भाऊ लाल झाले, म्हने, बाई, देवाच्या इच्छेले आडव्या येता? मी म्हनलं, देवाले आडवी याची माही काय हिंमत जी, मी तुमाले आडवी येऊन राहिली. पोरीचं लगन असन तं देव पोरीले सांगन, त्याले तिचा पत्ता ठाऊक आहे. पाळकसाहेब चिवडा खात राहिले, मंग हळूच म्हने, मार्थाबाई बरोबर बोलल्या. पन इतकं हळू, की आयकलं फक्त मीच.

तेव्हापासून चर्चातून गाऊनचं काम येनं बंद. भाऊंनी जिकडंतिकडं सांगतलं, त्या बाईत आज्ञापालन नाही. नसू द्या. मी शाळेचे युनिफॉर्म शिवते, अन् दर रविवारी पहिल्या बाकावर बसते, भाऊंच्या नाकासमोर. डेव्हिडचं लगन झालं, पोरगा गुनाचा आहे, देव त्याचं भलं करो, त्याले तरी कोनी इचारलं होतं?

इस्तू मेळघाटात आहे. फोन कराले टेकडीवर चढते अन् बोलनं अर्ध्यातच कटते. मले भेव वाटते, आजही वाटते. आज्ञा पाळली म्हनजे भेव जाते असं कोनी सांगन तं आयकू नका. त्या साटनचे मी उशीचे अभ्रे शिवले. इतकं गुळगुळीत, डोकं ठेवलं की घसरते. घसरलं की जाग येते, जाग आली की पोरीसाठी प्रार्थना करते. आता बोट ठेवून वचन काढत नाही. नुसती चूप बसते, अन् तो काय म्हनते ते आयकते, मले आवडो की न आवडो.