पाहणाऱ्याच्या मनात काय आलं

नाव रजिस्टरला नोंदवले आहे; बाजारात सगळे फ्रेममामा म्हणतात. वय ५८ वर्षे. धंदा फोटो व चित्रांना फ्रेम करून देणे. राहणार दुकानाच्याच वरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, हा धंदा आमच्याकडे वडिलांपासून आहे. आजवर या ठाण्याची पायरी एकदाच चढलो, ती साहेबांच्या खोलीतली फुटलेली काच बदलायला. आज सकाळपासून बाकावर बसून आहे. पाठ धरली आहे. हेही लिहा म्हणालो, तर हवालदार लिहीत आहेत.

तक्रारीतले सदर चित्र माझ्याकडे पेंटरकाकूंनी फ्रेम करायला आणले. त्यांचे यजमान पेंटरकाका गेल्या वर्षी वारले. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. चित्रही त्यांनीच काढलेले, कोळशाचे. त्यात एक म्हातारी बाई स्टुलावर बसून ओले केस पुसते आहे. अंगावर कपडा नाही. वयाने शरीराचे जे व्हायचे ते सगळे झालेले दिसते, काही लपवलेले नाही. ती बाई कोण, हे मला इथे परत परत विचारले. मी गप्प बसलो.

काकू मला म्हणाल्या होत्या, "मामा, रविवारी मुलाकडे कायमची जातेय. तिथे मला एक खोली दिलीय, तिच्यात लावीन. फ्रेम साधी करा हो, त्यांना नक्षीबिक्षी खपायची नाही." मी शनिवारचा वायदा केला.

फ्रेमच्या मागे खाकी कागद खळीने चिकटवतात. तो ओला असताना वारा लागला तरच ताठ बसतो. म्हणून मागची बाजू पंख्याकडे करून फ्रेम दुकानाच्या काचेला टेकवायची, असा माझा नेम आहे. मग पुढची बाजू आपोआप रस्त्याकडे होते. कुणाचे वडील असोत की कुणाचे लग्न, आजवर कुणाची तक्रार नव्हती. काल हातापाठोपाठ डोके चालले नाही. चित्र नेहमीसारखे टेकवले, दार लोटले आणि वर घरी गेलो. बायको म्हणाली, "आज इतक्या लवकर?" जेवलो, जरा पडलो, डोळा लागला. गाढवपणा झाला, दुसरे काय!

फिर्यादी म्हणजे समोरचा चष्मेवाला. आमचे वैर नाही. एकाला बाहेर जायचे तर दुसरा त्याच्या दुकानावर लक्ष ठेवतो. त्याच्या पाटीवरचे दोन मोठे डोळेही पेंटरकाकांनीच रंगवलेत. त्याचे म्हणणे, मुलीबाळी रस्त्याने जातात, त्याला शरम वाटली. अरे बाबा, शरम वाटली तर आत ये आणि चित्र फिरवून ठेव, दाराला कुलूप थोडेच होते! त्याने काय केले, फोटो काढून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'काय मामा, या वयात?' काचेतून पाच-दहा जणांनी पाहिले असते, ते मोबाइलवर अख्ख्या बाजाराने पाहिले. मग कुणीतरी त्याला डिवचले, एवढं आहे तर तक्रार कर की. मग त्याला करावी लागली. तोही सकाळपासून माझ्याशेजारी बाकावर आहे. मध्ये त्याने मला बिस्किटे दिली. मी खाल्ली.

साहेबांनी कायद्यातले वाचून दाखवले. जे कामुक आहे, जे वासना चाळवते, किंवा ज्याने पाहणाऱ्याचे मन बिघडेल, ते अश्लील. नुसते उघडे असणे म्हणजे अश्लील नव्हे. सगळा खेळ पाहणाऱ्याच्या मनात काय आले त्यावर. म्हणून साहेबांनी एकेकाला विचारले. चष्मेवाला म्हणाला, "वासनाबिसना नाही हो साहेब, घरी कळलं तर माझी खैर नाही. नुसती शरम." हवालदार म्हणाले, मी ड्युटीवर आहे. मी म्हणालो, फ्रेमचा खालचा डावा कोपरा जरासा उघडा राहिलाय असं मनात आलं.

साहेबही दमलेले होते. त्यांच्यापुढे दोन चोऱ्या आणि एक अपघात पडून होता. ते म्हणाले, गुन्हा दाखल झाला तर चित्र मुद्देमाल म्हणून मागच्या खोलीत जाईल, निकाल लागेल तेव्हा मिळेल. ती खोली मी पाहिली आहे. भिंतींना ओल आहे, तिथे कोळशाचे चित्र टिकत नाही. मग साहेबच म्हणाले, "मामा, कशाला ताणता? बाई म्हातारी आहे. हिला बघून कुणाच्या मनात काय यायचंय? तसं लिहून द्या, प्रकरण इथेच मिटतं. चित्र घेऊन जा." मला सुटल्यासारखे वाटले. मी म्हणालो, लिहा. हवालदारांनी लिहिले: 'सदर चित्रातील स्त्री वृद्ध असून तिला पाहून कोणाही पुरुषाच्या मनात कसलीही भावना उत्पन्न होणे शक्य नाही.'

पेंटरकाकू दारात उभ्या होत्या. केव्हा आल्या कळले नाही. चित्र गुंडाळून न्यायला हातात जुनी चादर होती. साहेबांनी घाईने चित्र भिंतीकडे फिरवले. काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, आता काय उरलंय झाकायचं! काय लिहिलंत ते वाचा पुन्हा."

हवालदारांनी खाली मान घालून वाचले.

काकू म्हणाल्या, "हे खोटं आहे. ती मी आहे. यांनी शेवटचं काढलेलं चित्र. काढताना तीनदा कोळसा ठेवून माझ्याजवळ आले. मी म्हटलं, अहो, असं केलंत तर चित्र पुरं कधी व्हायचं? तर म्हणाले, घाई कुणाला आहे?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून हातात धरला.

साहेब म्हणाले, "काकू, हे असं लिहिलं तर गुन्हा उभा राहील. चित्र तुम्हाला रविवारी मिळायचं नाही."

"मग ठेवून घ्या. पण ते वाक्य खोडा. माझा नवरा त्यात बसत नाही."

वरील वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. त्यानंतर साहेबांनी मला पुन्हा विचारले की, चित्र पाहून तुमच्या मनात काय आले. यावर सांगतो की, मघाशी कोपऱ्याचे सांगितले ते अर्धेच. फ्रेम ठोकताना मी ते चित्र बराच वेळ पाहत होतो. पाहता पाहता वाटले की, बायको वर एकटीच आहे, आपण इथे काय करतोय? जेवायची वेळ झालेली नव्हती. म्हणून चित्र तसेच काचेला टेकवून मी वर गेलो.

साहेब म्हणाले, हे लिहायचंय का? मी म्हणालो, लिहा.

मुद्देमालात ठेवताना चित्र गोणपाटात बांधू नये, मागचा कागद अजून ओलसर आहे, ही विनंती. माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. खोडलेले वाक्य वगळून बाकी सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे. खोडल्या जागी माझी सही आहे. तिच्याखाली, मलाही करू द्या म्हणून, काकूंनी केलेली सही आहे.